काम मागणं म्हणजे भीक नव्हे!

पगारातून व्यवसाय कर कापला जातो. तो कशासाठी सुरू झाला, माहितीये? १९७२च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला आली. पाऊस पडला की दुष्काळी कामं बंद, हा जुना शिरस्ता. वि. स. पागे यांनी मात्र 'मागेल त्याला काम' हा आग्रह धरला. १९७५मध्ये हा कर बसला आणि शहरी पगारातून खेड्यातली मजुरी निघू लागली. १९७७ला रोजगार हमी कायदा झाला, १९७९पासून लागू. कामावर बाया मोठ्या संख्येने आल्या, हाती स्वतःची मजुरी आली. २००५मध्ये देशानं हेच तत्त्व उचललं. मला यातली मोठी गोष्ट एकच वाटते: मेहेरबानी होती, तिचा हक्क झाला. म्हणून हात जोडू नका. लेखी मागा, पोच घ्या.