नळदुर्गला पडलेला हवालदार

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागले की तासाभरात नळदुर्ग येते. धाराशिव जिल्ह्यातल्या आम्हा लोकांना हा किल्ला ठाऊक असतो तो पाणीमहालासाठी. पावसाळ्यात बोरी नदी आदिलशाही बंधाऱ्यावरून कोसळू लागली की आम्ही मुलाबाळांना घेऊन पाहायला जातो. मात्र याच परिसरात १३ सप्टेंबर १९४८ रोजी एक हवालदार लढता लढता मरण पावला, हे आम्हाला फार उशिरा कळले.

त्यांचे नाव बचित्तर सिंग. जन्म १९१७ चा, गाव पंजाबातले लोपो. शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनमध्ये ते होते. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांची फौज त्या पहाटे सोलापूरकडून निजामी मुलखात शिरली आणि बचित्तर सिंगांची प्लाटून आघाडीवर होती. समोरून आलेल्या दोन मोटारींवर त्यांनी चाल केली आणि त्या ताब्यात घेतल्या. पुढे एका मशीनगनच्या ठाण्यावर धावून जाताना, अवघ्या ३० यार्डांवर, त्यांच्या मांडीत गोळ्या घुसल्या. ते सरपटत पुढे गेले, दोन हातबॉम्ब फेकले आणि ती मशीनगन बंद पाडली. जखमी अवस्थेतही मागे जायला ते तयार झाले नाहीत. जवानांना धीर देत राहिले. वय होते ३१.

त्यांचे नाव आम्ही आधी परमवीर चक्राच्या यादीत शोधले. तिथे ते नाही. ते आहे अशोक चक्राच्या यादीत, अगदी पहिल्या मानकऱ्यांत. शत्रूसमोरच्या लढाईखेरीज अन्यत्र दाखवलेल्या शौर्याचा हा सन्मान. रणगाडे होते, मशीनगन होती, माणसे मेली. पण सरकारदरबारी ती लढाई नव्हती, ‘पोलीस ॲक्शन’ होती. एका शब्दाने पदक बदलले.

त्याच शब्दाने आणखीही काही झाकले. बचित्तर सिंगांसमोर फर्स्ट हैदराबाद इन्फन्ट्रीचे शिपाई होते. तीही कुणाची तरी लेकरेच. त्यांचे मानपत्र कोण लिहिणार? ज्या राज्यासाठी ते उभे राहिले, ते राज्यच पाच दिवसांत संपले.

आणि शिपाई नसलेल्यांचे काय? रझाकारांनी खेड्यापाड्यांतील हिंदूंवर केलेले जुलूम आम्ही नाकारत नाही. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलाच. पण रझाकारांविरुद्ध लिहिणारा ‘इमरोज’चा तरुण संपादक शोएबुल्ला खान हाही मुसलमानच होता, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्याचा खून झाला. रझवीच्या पापाची किंमत मात्र अशा असंख्य मुसलमानांनी मोजली, ज्यांनी कधी हातात काठीही धरली नव्हती.

पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती १९४८ च्या अखेरीस हैदराबाद संस्थानात फिरली. कारवाईच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसे प्राणास मुकली, असा तिचा अंदाज. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. हा अहवाल दशकानुदशके दडपलेला राहिला, ए. जी. नूरानींनी पुढे तो आपल्या ग्रंथात छापला. त्यात एक गोष्ट आहे, ती सांगितलीच पाहिजे : काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवताना स्वतःचे प्राण गमावले.

आमच्या घरांतली वडीलधारी माणसे ‘पुलिस ॲक्शन’ म्हणताना आजही आवाज खाली आणतात. तेव्हा दहा वर्षांचे असलेले आता नव्वदीकडे झुकले आहेत. त्यांच्याबरोबर नावेही दफन होतील.

बचित्तर सिंगांना आमचा सलाम. पंजाबातून येऊन त्यांनी आमच्या मातीत देह ठेवला. त्यांच्या शौर्याची नोंद झाली, म्हणूनच आम्ही त्यांना शोधू शकलो. तशीच एक वही प्रत्येक गावात निघावी. येत्या १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदन करून घरी परतल्यावर दादीजवळ बसावे. कोण गेले, कुणी मारले, कुणी लपवून वाचवले, सगळे विचारून लिहून घ्यावे. सूड म्हणून नव्हे. गेलेल्यांना निदान नाव असावे, एवढ्यासाठी.