लिनक्स, सीडी बर्नर आणि एक जर्मन भांडण

लिनक्सच्या इतिहासावर बोलताना लोक लिनस टोरवाल्ड्स आणि १९९१ साल सांगतात आणि थांबतात. पण भारतातल्या कॉलेजांपर्यंत लिनक्स पोचलं ते सीडीवरून. डायल-अपवर ६५० एमबी उतरवायचे म्हणजे एका दिवसाचं काम नव्हे. पीसीक्वेस्टसारख्या मासिकासोबत सीडी यायची, किंवा २००५ ते २०११ या काळात उबुंटूवाले फुकट पोस्टाने पाठवायचे. मग वर्गातला ज्याच्याकडे बर्नर असेल तो राजा! लायसन्स म्हणतं 'प्रती काढा आणि वाटा', पण वाटायला हात लागतो, आणि तो हात म्हणजे बर्नर. गंमत अशी की हे यंत्र लिनक्सवरच चालवणं सगळ्यात अवघड होतं.

सीडीवर लिहिणं हे हार्ड डिस्कवर लिहिण्यासारखं नाही. लेझर सुरू झाला की माहिती अखंड मिळत राहिली पाहिजे. १एक्स वेग म्हणजे सेकंदाला १५० केबी. ४एक्सला ६०० केबी. बर्नरमध्ये २ एमबीचा बफर असेल तर तो जेमतेम साडेतीन सेकंद पुरतो. तेवढ्यात संगणक दुसऱ्या कामात अडकला की सीडी वाया, मग ती चहाच्या कपाखाली ठेवायची. सान्योने २००० साली 'बर्न-प्रूफ' तंत्र आणलं तेव्हा कुठे हा ताप कमी झाला. आमच्या हॉस्टेलवर जुना बर्नर होता. बर्न चालू असताना कोणी माऊसला हात लावला तर शिव्या खायचा.

आता लिनक्सची अडचण. सुरुवातीचे बर्नर महागड्या स्कझी जोडणीचे होते. मग स्वस्त आयडीई बर्नर आले. ते आज्ञा स्कझीच्याच घेत, फक्त आयडीईच्या पाकिटात घालून. ही पद्धत म्हणजे अटापी. यॉर्ग शिलिंग या बर्लिनच्या प्रोग्रामरने १९९६ च्या सुमारास लिहायला घेतलेल्या 'सीडीरेकॉर्ड'ला मात्र स्कझीचीच भाषा येत होती. त्यामुळे २.४ कर्नलमध्ये एक सोंग रचावं लागे: लिलो किंवा ग्रबच्या फाईलमध्ये 'एचडीसी=आयडीई-स्कझी' अशी ओळ घालायची, म्हणजे कर्नल साध्या बर्नरला स्कझी समजायचा. मग 'स्कॅनबस' चालवून ०,०,० असे तीन आकडे शोधायचे आणि तेच पुढे आज्ञेत द्यायचे. शिवाय हे सगळं रूट होऊन.

डिसेंबर २००३ मध्ये २.६ कर्नल आला आणि हे सोंग संपलं. 'डेव्ह एचडीसी' असं थेट सांगितलं तरी चालू लागलं. शिलिंगना मात्र ही पद्धत मान्य नव्हती, त्यांना ते तीन आकडेच हवे होते. ऑगस्ट २००४ मध्ये २.६.८ आला आणि अनेकांचे बर्नर एकाएकी बंद पडले. कारण रास्त होतं. तोवर ड्राइव्ह नुसता वाचायची परवानगी असलेला माणूसही त्याला कुठलीही आज्ञा देऊ शकत होता, अगदी त्याचं फर्मवेअर पुसण्याचीसुद्धा. कर्नलने आज्ञा गाळायला सुरुवात केली, आणि त्यात बर्निंगच्या काही आज्ञाही अडकल्या. चूक कर्नलची की सीडीरेकॉर्डची, यावर खूप भांडण झालं. मला विचाराल तर दोघांचंही थोडंथोडं बरोबर होतं; मधे सापडला तो नुसती सीडी काढायला बसलेला माणूस.

२००६ मध्ये प्रकरण लायसन्सवर आलं. शिलिंगनी आपल्या प्रकल्पाचा काही भाग सन कंपनीच्या सीडीडीएल लायसन्सखाली आणला. डेबियनच्या मते जीपीएल आणि सीडीडीएल असे एकत्र वाटता येत नाहीत. शिलिंगना ते अजिबात पटलं नाही. शेवटी डेबियनने जुन्या प्रतीवरून 'सीडीआरकिट' हा वेगळा प्रकल्प काढला. इथे जर्मनीत काही वर्षं काढल्यावर शिलिंगचा ताठा मला ओळखीचा वाटतो: नियम नीट वाचायचा आणि मग तसूभरही हलायचं नाही. ते २०२१ मध्ये वारले. कितीतरी लोकांचा पहिला लिनक्स त्यांच्या प्रोग्रामने लिहिलेल्या सीडीवरून आला, हे मात्र विसरू नये.

मराठी माणसासाठी यात एक छोटी गोष्ट आहे. सीडीवरच्या फाईलींचं मूळ मानक, आयएसओ ९६६०, त्याच्या पहिल्या पातळीवर फक्त ८+३ अक्षरांची नावं देतं, तीही इंग्रजी कॅपिटलमध्ये. म्हणजे 'आजीचा वाढदिवस' असं नाव देणं अशक्य. पुढे मायक्रोसॉफ्टच्या जोलिएटने युनिकोड आणलं आणि देवनागरी नावं सीडीवर आली.

आज बर्नर दिसेनासे झालेत. पेन ड्राइव्हवर टाकायच्या लिनक्सच्या फाईलीला अजून 'आयएसओ' म्हणतात, एवढीच खूण उरली. पण तुमच्या कपाटात लग्नाच्या, बारशाच्या फोटोंच्या सीड्या असतील, तर एक विनंती. सीडी-आरवर माहिती रंगाच्या पातळ थरात असते. ऊन आणि दमट हवेने तो थर बिघडतो. कुठलाही चालू ड्राइव्ह मिळवा आणि येत्या रविवारी सगळं उतरवून घ्या. एखादी सीडी अडखळली तर लिनक्सवर 'डीडीरेस्क्यू' चालवा. ते वाचता येईल तेवढं आधी उचलतं आणि हट्टी भागाकडे नंतर वळतं. थर एकदा गेला की मग कुठलाच प्रोग्राम कामाचा नाही.