मोडीत घालण्याआधी भांड्यावरचं नाव वाचा

शाळेची फी असो, पेरणीचं बियाणं असो की दवाखाना असो, अडचण आली की आपली नजर आधी कपाटाकडे जाते. तिथे फडक्यात गुंडाळलेला चांदीचा पेला असतो, एखादं फुलपात्र असतं, नाहीतर लेकराला दूध पाजायचं बोंडलं असतं. चांदी किलोला लाखाच्या वर गेल्यापासून तर ही भांडी झपाट्याने मोडीत जात आहेत. मोडू नका, असं सांगायला मी आलेली नाही. अडीअडचणीला उपयोगी पडावं म्हणूनच तर आईनं ते लेकीला दिलेलं असतं. पण पाणी, दूध, दारू प्यायच्या भांड्यांनाही इतिहास आहे, आणि त्यातला बायांचा वाटा सराफाच्या भट्टीत वितळून जातो. आज त्याच्याबद्दल बोलू या.

सुरुवात आपल्या शेजारापासून करू. जळगावहून अजिंठा जवळच आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणी सहलीला जाऊन आल्या असतील. पुन्हा गेलात तर पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात मान वर करून छताकडे बघा. तिथे टोपी घातलेला, दाढीवाला परदेशी माणूस बसलाय. त्याच्या हातात पेला आहे आणि सेवेला सुरई घेतलेली माणसं आहेत. हे चित्र पाचव्या शतकाच्या अखेरीचं, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीचं. तो इराणी की आणखी कुठला, यावर अभ्यासक वाद घालतात. आपण एवढंच लक्षात ठेवू, की पेला आणि सुरई हे तेव्हापासून श्रीमंतीचं लक्षण आहे. म्हणूनच त्यांचं चित्र निघालं.

आता सातपुड्याकडे चला. भिल्ल, पावरा वस्त्यांमध्ये मोहाच्या फुलांची दारू देवापुढे धार सोडायला लागते, लग्नकार्यात लागते. ती प्यायला पळसाच्या पानाचा द्रोण चालतो. पिऊन झालं की द्रोण टाकून द्यायचा. दोन पावसाळ्यांत त्याची माती होते. शंभर वर्षांनी तो कोणाला सापडणार? मग संग्रहालयात राजाचा पेला दिसतो, पण हजारो माणसांच्या हातातला द्रोण दिसत नाही. जे टिकलं तेच जास्त वापरात होतं असं नसतं. जुन्या वस्तू बघताना ही गोष्ट विसरू नये.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे १८२५ मध्ये जेम्स आउट्रम नावाच्या अधिकाऱ्याने धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली. असे अधिकारी आले, तसं त्यांचं टेबलही आलं, आणि त्या टेबलावर डिकँटर आला. डिकँटर म्हणजे जाड, नक्षीदार काचेची सुरई, वर काचेचंच बूच. पिंपातल्या वाइनचा गाळ खाली राहावा आणि वरचं नितळ तेवढं टेबलावर यावं, यासाठी तो निघाला. पुढे त्यात ब्रँडीही आली. आत काय आहे ते कळावं म्हणून गळ्यात साखळीने चांदीची छोटी पट्टी अडकवत आणि तिच्यावर दारूचं नाव कोरत. ‘ब्रँडी’ हा शब्द डच भाषेतून आलाय. त्याचा अर्थ तापवलेली, म्हणजे गाळलेली वाइन.

एकीकडे साहेबाच्या टेबलावर हा डिकँटर होता. दुसरीकडे १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि मोहाची दारू गाळायला सरकारी परवाना लागू लागला. काल जे घरचं होतं ते आज चोरीचं ठरलं. आदिवासी माणूस दारूच्या दुकानदाराचा देणेकरी झाला. त्या कर्जापायी किती घरं बसली हे तुम्हाला मी सांगायला नको. बाटलीविरुद्ध लढणाऱ्या बाया आपल्या गटांतच आहेत.

ब्रँडी मात्र आपल्या घरात वेगळ्याच वाटेने शिरली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या अधिकृत औषधकोशात ब्रँडीचं नाव होतं. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, त्यातही तब्येतीच्या कारणासाठी परवाना मिळे. त्यामुळे ‘ब्रँडी म्हणजे औषध’ ही समजूत घट्ट बसली. आजही सर्दी झाली की लेकराला चमचाभर ब्रँडी पाजणाऱ्या, बाळंतिणीला देणाऱ्या सासवा आहेत. मैत्रिणींनो, ही साहेबाची मागे राहिलेली सवय आहे. तान्ह्या बाळाची साखर दारूने एकदम उतरते आणि जिवावर बेततं. बोंडल्यात दूधच हवं.

आता ही जुनी भांडी जमवतं कोण? मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. तिथे डिकँटर, चांदीचे पेले, तबकं येतात आणि शौकीन लोक ती विकत घेतात. जाणकार माणूस आधी भांडं उलटं करतो. इंग्रजी चांदीवर बारीक ठसे असतात. चालणारा सिंह असेल तर चांदी खरी, हजारात ९२५ भाग. नांगर असेल तर भांडं बर्मिंगहॅम शहरात तपासलेलं. एका अक्षरावरून वर्ष कळतं, दुसऱ्या ठशावरून कारागीर कळतो. डिकँटरच्या बुचावर आणि गळ्यात कधी एकच आकडा खरवडलेला असतो. तो जुळला तर बूच मूळचं. मोडीपेक्षा जास्त किंमत मिळते ती या ठशांमुळे, कारण भांडं कुठलं, कधीचं, कोणाचं ते त्यावरून सांगता येतं.

आपल्या भांड्यांवर सिंह नसतो, पण नाव असतं. आहेर द्यायचा तर बाजारात बसून, ठोक्याठोक्याने टिंबं पाडून नाव घालून घ्यायची आपली जुनी पद्धत आहे. कोणाकडून, कोणास, कोणतं गाव, कधी तारीख किंवा सण. आता विचार करा, तुमच्या पणजीचं नाव आणखी कुठे लिहिलेलं आहे? सातबाऱ्यावर बहुधा नसेल. शाळेत ती गेली नसेल. वंशावळीत पुरुषांची नावं असतात. कितीतरी घरांत त्या बाईचं नाव आणि तिच्या माहेरचं गाव लिहिलेलं असेल तर ते फक्त तांब्यावर नाहीतर पेल्यावर. ते भांडं भट्टीत गेलं की तिचा शेवटचा कागदही गेला.

कागद जमवणारा मोठा माणूस आपल्या धुळ्याने पाहिलाय. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरले, वाड्यांतली जुनी दप्तरं त्यांनी जमवली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने खंडामागून खंड छापले. १९२६ च्या अखेरीस ते वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आहे. ज्या कागदाला लोक रद्दी समजत होते तोच इतिहास ठरला.

भांडी जमवणारे होते पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर. कविता लिहीत, ‘अज्ञातवासी’ हे त्यांचं टोपणनाव. साधारण १९२० पासून त्यांनी दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, स्वयंपाकघरातली भांडी जमवायला सुरुवात केली. घरोघरच्या बाया ज्या वस्तू रोज हाताळतात त्याच. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं आणि पुढे आपला संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. तिथे आज वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत. केळकरांनी उचलल्या नसत्या तर त्यातल्या कितीतरी वितळून गेल्या असत्या.

आपल्याला संग्रहालय काढायचं नाही. पण भांडं विकायची वेळ आलीच, तर काही गोष्टी करता येतील.

पहिली, नाव वाचा. अक्षरं झिजली असतील तर कोरडं पीठ हलकेच चोळून पुसा, पांढरी अक्षरं उठून दिसतात. राखेने, तारेच्या घासणीने घासू नका, त्याने आधी नाव जातं. मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा.

दुसरी, वजन समजून घ्या. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजच्या बाजारातला १० ग्रॅमचा. आजी म्हणायची ‘वीस तोळ्यांचा पेला’, तर काट्यावर सुमारे २३३ ग्रॅम भरायला हवेत. २०० ग्रॅम भरले तर प्रश्न विचारा.

तिसरी, धातू ओळखा. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. त्यात चांदी नसते. काहींवर चांदीचा नुसता मुलामा असतो. तपासणी डोळ्यासमोर करायला सांगा. आणि जुना जड काचेचा डिकँटर कोणी दिला, तर त्यात सरबत, लोणचं साठवू नका. त्या काचेत शिसं असू शकतं.

चौथी, कायदा लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू १९७२ च्या कायद्याने खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत, आणि त्यांचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. शेतात, जुन्या घराच्या पायात धन सापडलं, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

शेवटचं काम गटाचं. बचतीच्या वहीत मागची दहा पानं राखून ठेवा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातल्या एका भांड्यावरचं नाव लिहून आणायचं. भांडं कोणतं, कोणी कोणाला दिलं, कोणत्या गावाहून आलं, मोडलं तर कोणत्या अडचणीपायी मोडलं. ज्यांच्या घरी चांदी कधीच नव्हती त्यांनी आपल्या घरी कशाने पाणी पीत, ते लिहायचं. द्रोण असेल, तुंबा असेल, मडक्यावरचं ओगराळं असेल. तेही त्याच वहीत, त्याच शाईने लिहिलं जाऊ द्या.