बकोऱ्याचे नाव

रोपवाटिकेत गेलेल्या गृहस्थास तांबड्या फुलांचे झुबके मिरविणारे, बारमाही हिरवे असे एक झुडूप दाखवितात व त्याचे नाव 'इक्झोरा' म्हणून सांगतात. आपल्याकडे त्यास बकोरा किंवा पेंटगूळ म्हणत आले. ती नावे आता मागे पडत चालली आहेत. मौज अशी की, ज्यास आपण परके समजतो ते 'इक्झोरा' म्हणजे आपला 'ईश्वर'च होय!

हे रूपांतर पोर्तुगीज लेखनाच्या वळणाने झाले. त्या भाषेत 'एक्स' हे अक्षर बहुधा 'श'सारखे उच्चारितात. गोव्यात रोमी लिपीत 'शिगमो' लिहितानाही आरंभी तेच अक्षर येते. तेव्हा मूळ लेखन 'इशोरा' असे वाचावयाचे. इंग्रजी रीतीने वाचणाऱ्यांनी 'श'चा 'क्झ' केला, आणि तोच उच्चार आपण उसना घेतला.

युरोपास या झुडपाचे देशी नाव ठाऊक नव्हते असे मात्र नाही. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याचा 'होर्टुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्यात हे झुडूप 'चेत्ती' या मल्याळी नावाने आले आहे. ग्रंथास इट्टी अच्युतन या वैद्याचे साहाय्य होते. तसेच रंगभट, विनायक पंडित व आपू भट या कोचीनवासी कोंकणी ब्राह्मणांचेही. या तिघांचे नागरी अक्षरांतील कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात जसेच्या तसे छापलेले आहे.

स्वीडनचा लिनीयस या ग्रंथाचे दाखले वारंवार देतो. तरीही १७५३ साली त्याने 'चेत्ती' सोडून 'इक्झोरा' पत्करले, व आपल्या बकोऱ्यास किरमिजी रंगावरून 'कॉक्सिनिया' हे उपपद जोडले. असे का व्हावे? ग्रीक वा लॅटिन मूळ नसलेली कुलनामे त्याला रानटी वाटत. देवांची नावे मात्र ठेवावीत, असे त्याने १७५१ सालीच लिहून ठेविले होते. मलबारात ही फुले देवास वाहतात, एवढ्यावरून ईश्वराला त्या दरवाजातून प्रवेश मिळाला असावा, असे मला वाटते. वैद्यांनी सांगितलेले नाव दाराबाहेरच राहिले.

केरळात मात्र त्या नावास कोणी हलविलेले नाही. देवळांपुढच्या हारांत ही फुले आजही गुंफितात, आणि त्यांना चेत्तीच म्हणतात.