नवी राजधानी (मध्ययुगीन इस्लामी राजवटी)

सत्ता हाती आली की जुन्या राजधानीत न राहता नवे शहर वसवायचे, ही मध्ययुगीन इस्लामी राजघराण्यांची ठळक रीत. सातव्या शतकात अरब फौजांनी इराकमध्ये बसरा आणि कूफा, तर इजिप्तमध्ये फुस्तात येथे छावण्या टाकल्या. पाहता पाहता त्यांची शहरे झाली. पुढच्या राजवटींचा हेतू वेगळा होता. जुन्या घराण्याच्या माणसांपासून आणि शहरी गर्दीपासून दरबार दूर न्यायचा होता.

आधीच्या उमय्या घराण्याचे दमास्कस सोडून अब्बासींनी इराक गाठला. खलिफा अल्-मन्सूरने ज्योतिष्यांकडून मुहूर्त काढून घेतला आणि ७६२ मध्ये टायग्रिसच्या पश्चिम काठावर बगदादचा पाया घातला. इतिहासकार तबरीने या आखणीचे वर्णन केले आहे. आधी जमिनीवर राखेच्या रेषा ओढल्या. मग त्यांवर सरकी पसरून, खनिज तेल ओतून ती पेटवली, म्हणजे शहराचा घेर खलिफाला डोळ्यांनी पाहता यावा. वाटोळ्या तटाला चार वेशी होत्या, मधोमध राजवाडा आणि मशीद. बाजारही आतच होते. पण व्यापाऱ्याच्या वेषात हेर शिरतील, या भीतीने काही वर्षांत ते दक्षिणेला कर्ख भागात हलवले गेले. गंमत अशी, की त्या वाटोळ्या शहराची आज वीटही दिसत नाही आणि कर्ख हे नाव मात्र बगदादमध्ये अजून नांदते आहे.

अब्बासींनी पुढे समर्रा वसवले, त्याचे कारण फारच रोखठोक होते. खलिफा अल्-मुअतसिमचे तुर्क गुलाम-सैनिक बगदादच्या गल्ल्यांतून घोडे पिटाळत, माणसे चिरडत. चिडलेले लोक एकटादुकटा तुर्क गाठून त्याला ठार करत. ८३६ मध्ये खलिफाने सगळे लष्करच सुमारे सव्वाशे किलोमीटर उत्तरेला समर्राला नेले आणि तुर्कांना वेगळ्या वस्त्या दिल्या. जनतेचा ताप टळला, पण खलिफा आपल्याच पहारेकऱ्यांच्या मुठीत सापडला. ज्याने इथला प्रसिद्ध सर्पिल मिनार उभारला, त्या अल्-मुतवक्किलचा ८६१ मध्ये तुर्क शिपायांनीच खून केला. ८९२ मध्ये दरबार बगदादला परतला.

स्पेनमधील मदीनत अझ्-झहराचे आयुष्य याहून थोडे जास्त. खलिफापद घेतलेल्या तिसऱ्या अब्दुर्रहमानने दहाव्या शतकात कॉर्दोबाजवळ ते बांधले आणि पुढल्या शतकाच्या आरंभीच यादवीत ते लुटले गेले.

कैरो टिकले. फातिमी सेनापती जौहरने ९६९ मध्ये फुस्तातच्या उत्तरेस तटबंद शहर उभारले, तेही खलिफा, दरबार आणि फौजेपुरतेच. व्यापारउदीम फुस्तातमध्येच चाले. ११६८ मध्ये फुस्तात क्रुसेडर्सच्या हाती पडू नये म्हणून वजीर शावरने पेटवून दिले. पुढे सलाउद्दीनने दोन्ही वस्त्यांभोवती एकच तट घालायला घेतला आणि कैरो सर्वांना खुले झाले.

दख्खनमध्येही ही रीत पोहोचली. बहमनी सुलतानांनी गुलबर्ग्याहून बिदर गाठले. बहमनींपासून फुटलेल्या मलिक अहमदने जुन्नर सोडून १४९४ मध्ये, ज्या जागी बहमनी फौजेला हरवले होते तिथेच, सीनेकाठी अहमदनगर वसवले. जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मधली ही जागा दौलताबादवर चढाई करायला सोयीची होती. पाच वर्षांत तो किल्ला त्याच्या हाती आला. १६१० मध्ये याच अहमदनगर राज्याचा कारभारी मलिक अंबर याने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवली. डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणून त्याने ते हौदांत खेळवले.