बुजवलेल्या विहिरींचा फलक

मुंबईत धोबीतलाव आहे, गोवालिया टँक आहे, सी. पी. टँक आहे, दोन टाकी आहे. पाणी मात्र यांपैकी एकाही ठिकाणी दिसत नाही. तलाव बुजले, नावे तेवढी बसथांब्यांवर उरली. काही वर्षांपूर्वी एका संग्रहालयाने शहराच्या पाण्यावर प्रदर्शन भरवायचे ठरवले, तेव्हा सुरुवात या नावांपासूनच करावी असे सर्वांचे मत पडले. भूजलाचे रसायनशास्त्र हा आमचा विषय. फलकांवरील विज्ञान तपासून देणे एवढेच काम आमच्याकडे होते. प्रत्यक्षात आम्ही सहा महिने जुने अहवाल चाळत बसलो.

मुंबई हे बेट. चहूकडे खारे पाणी, तरी विहिरींना गोडे पाणी कसे लागे? चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर 1725 सालची. समुद्र इतका जवळ असूनही तिचे पाणी गोडे म्हणून ख्यात आहे. कारण घनतेत आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. पावसाचे पाणी जमिनीत मुरले की ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. वाळूच्या बेटावर समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे 40 मीटर असते. मुंबईचा काळा खडक वाळूसारखा सच्छिद्र नाही, म्हणून हे गणित इथे जसेच्या तसे लागू पडत नाही. पण तत्त्व तेच. उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर सरकते. वर्गात हे दाखवायला काचेचा पेला, मीठ, शाई आणि चमचा पुरे. मिठाच्या पाण्यावर चमच्याच्या आधाराने शाईचे गोडे पाणी हलकेच सोडावे. (प्रदर्शनात आम्ही हा प्रयोग उघडा मांडला होता. पहिल्याच दिवशी मुलांनी तो ढवळून टाकला.)

वाढत्या वस्तीला हे पाणी पुरेना. मिठी नदी अडवून बांधलेल्या विहार तलावाचे पाणी 1860 साली शहरात आले, पुढे 1879 मध्ये तुळशी आणि 1892 मध्ये तानसा. नळ आले, पण सांडपाणी वाहून नेण्याची सोय त्या वेगाने झाली नाही. तो इतिहास मोठा आहे. इथे त्यात शिरत नाही.

आमचे घोडे अडले ते विहिरींच्या फलकावर. आमच्यापुढे आलेल्या मसुद्याचा आशय असा होता : हिवतापाचे डास विहिरींत वाढतात हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले, अडाणी लोकांनी विरोध केला, तो मोडून विहिरी बुजवल्या आणि रोग गेला. पहिला भाग खरा आहे. हिवतापाचा परोपजीवी डासाच्या शरीरात वाढतो हे रोनाल्ड रॉस यांनी 1897 मध्ये सिकंदराबादला पाहिले. मुंबईतल्या हिवतापाचा शोध चार्ल्स बेंटली यांनी घेतला. त्यांचा अहवाल 1911 चा. अॅनॉफिलिस स्टीफेन्सी हा डास शहरातल्या विहिरींत आणि टाक्यांत वाढतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यानंतर विहिरी झाकण्याच्या, बुजवण्याच्या नोटिसा निघू लागल्या.

आता विरोध. खरे सांगायचे तर मसुदा वाचून आम्हीही मान डोलावली होती. मग रुस्तम मसानी यांचे विहिरींच्या लोककथांवरचे 1918 सालचे इंग्रजी पुस्तक हाती आले. मसानी महानगरपालिकेत अधिकारी होते. लोकांच्या तक्रारी त्यांच्या टेबलावरून जात. विहिरीत वास करणाऱ्या देवतांच्या, पिरांच्या गोष्टी त्यात आहेत. पण त्या वाचताना लक्षात येते, की सगळ्यांनाच डास हवे होते असे नाही. पूजेपुरते पाणी काढता यावे, उजेड आत जावा, एवढीच अनेकांची मागणी. विहीर झाकून तिला झडप ठेवली तर ती भागण्यासारखी होती, आणि डासाची मादी पाण्यापर्यंत पोचली नाही म्हणजे विज्ञानाचेही काम झाले. बुजवणे हा एकमेव उपाय नव्हता. ज्याला आम्ही अडाणीपणा म्हणणार होतो, त्यात व्यवहारी तडजोडीलाही जागा होती.

फलकाचे शेवटचे वाक्य तर सरळ चूक होते. हिवताप मुंबईतून गेला नाही; दर पावसाळ्यात रुग्ण आढळतातच. स्टीफेन्सीला विहीरच हवी असे नाही. स्वच्छ, साठलेले पाणी मिळाले की झाले. गच्चीवरच्या झाकण नसलेल्या टाक्या आणि बांधकामावर साठवलेले पाणी त्याला तितकेच मानवते. विहिरी गेल्या, नळ आले, नळाबरोबर टाक्या आल्या, आणि डास जिना चढून वर गेला!

संयोजकांना हे पटवायला दोन बैठका गेल्या. यशोगाथेचा फलक पाहणाऱ्यांना आवडतो, हे त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. शेवटी ‘अडाणी’ हा शब्द गेला, ‘रोग गेला’ हेही गेले. फलकाच्या मध्यभागी झडपेच्या विहिरीची आकृती आली आणि तिच्याशेजारी गच्चीवरच्या टाकीची, दोन्हींत तोच डास.

प्रदर्शन पाहायला आलेल्या एका शाळेच्या बाईंनी त्या आकृतीपुढे वर्ग थांबवला आणि विचारले, “आपल्या शाळेच्या टाकीला झाकण आहे का रे?” कुणालाच ठाऊक नव्हते. पुढच्या आठवड्यात त्यांचे पत्र आले. झाकण होते, पण तडकलेले.