धर्मशाळेतले सोबती

'धर्मशाळा' म्हटलं की साधारणपणे पंढरपूर, नाशिक, आळंदी अशी क्षेत्रं डोळ्यांपुढे येतात. आमच्या वऱ्हाडात मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. अमक्याच्या घरचे "मुंबईला धर्मशाळेत आहेत" असं सांगितलं, की ऐकणारा देवदर्शनाचं विचारत नाही. आवाज खाली आणून विचारतो, "काय निघालं?"

हा अर्थ या शब्दाला चिकटला कसा, याचा शोध घेत गेलं की आपण थेट गाडगेबाबांपाशी पोचतो.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वडील लवकर गेले आणि आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. म्हणजे जन्म अमरावतीकडचा आणि वाढ अकोल्याकडची. (बाबा नक्की कुणाचे, यावर दोन्ही जिल्ह्यांनी खुशाल भांडावं!) १९०५ साली त्यांनी घर सोडलं. हातात खराटा, डोक्यावर गाडगं, आणि गावोगाव कीर्तनं. त्यातून जमलेल्या पैशांतून घाट, अन्नछत्रं आणि धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर ज्यांना इतर कुठेच थारा नव्हता त्या दलित वारकऱ्यांसाठी. १९४९ साली ती त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या हवाली केली.

आता गंमत बघा. ज्या माणसाने आयुष्यभर वारकऱ्यांच्या निवाऱ्याची चिंता केली, त्यानेच मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळही धर्मशाळा उभी केली. जवळपास ना देऊळ, ना नदी! मग तिथे धर्मशाळा कशाला? मला वाटतं, घरापासून लांब आलेला, खिशात मोजके पैसे असलेला, आशेवर चालणारा माणूस त्यांना दोन्हीकडे एकच दिसला असावा. पुढे दादरलाही त्यांच्या नावाने धर्मशाळा झाली आणि परळच्या टाटा हॉस्पिटलला (ते १९४१ सालचं) येणाऱ्या लोकांना तिचा आधार झाला.

हॉस्पिटल असताना धर्मशाळा कशाला, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर कॅन्सरच्या उपचारातच आहे. शेकणं, म्हणजे रेडिएशन, बहुधा आठवड्यातून पाच दिवस आणि असे कित्येक आठवडे चालतं. रोज मशीनखाली जायचं ते काही मिनिटं. तेवढ्यासाठी कॉट मिळत नाही आणि मिळायचं कारणही नाही. पण उरलेल्या दिवसाचं काय? अकोला किंवा बडनेऱ्याहून मुंबई म्हणजे रेल्वेचा रात्रभराचा प्रवास. रोज येऊन-जाऊन जमण्यासारखं नाही, आणि लॉज परवडत नाही.

घरच्या मंडळींना ठाऊक आहे, पण इतरांसाठी सांगतो. आमची मोठी काकू २००३ साली स्तनाच्या कॅन्सरसाठी अशीच सहा आठवडे मुंबईत एका धर्मशाळेत राहिली. पहिल्या रात्री ती कुणाशी बोलली नाही. शेजारी वाशीमकडची एक बाई होती, तिचे तीन आठवडे झालेले. तिने विचारलं, "कोणत्या गावची व्हय वं माय तू?" बस्स, तिथून सुरू झालं. अंगावर शाईने काढलेल्या खुणा धुवायच्या नाहीत, तिथे साबण-पावडर लावायची नाही, पोलकं सैल आणि सुती घालायचं, ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात भिंतीवर रोज थोडाथोडा वर सरकवायचा... डॉक्टरांनी हे सगळं सांगितलंच होतं. पण काकू म्हणायची, "डॉक्टर सांगत होते तेव्हा मले काहीच ऐकू येत नव्हतं." ऐकू आलं ते शेजारच्या गादीवरून.

गंमत म्हणजे अमेरिकेत टेरेस लॅसर नावाच्या बाईंनीही हेच केलं होतं. १९५२ साली त्यांचा स्तन काढावा लागला. बरं झाल्यावर त्या इतर बायकांना भेटायला हॉस्पिटलांत जाऊ लागल्या, हाताच्या व्यायामासाठी चेंडू आणि दोरी घेऊन. त्यातून 'रीच टू रिकव्हरी' ही चळवळ झाली आणि जगभर पसरली. वाशीमच्या बाईला यातलं काहीही माहीत असायचं कारण नव्हतं.

सगळंच गोड होतं असं नाही. तिथेच कुणीतरी जडीबुटीवाल्याचा पत्ताही द्यायचं. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही, आणि सोबती म्हणजे डॉक्टर नव्हे. पण भीती वाटून घ्यायला सोबत लागतेच, आणि सोबत जुळायला जागा लागते.

अमरावतीचं तपोवन हेच सांगतं. १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी ते कुष्ठरुग्णांसाठी उभारलं. या रोगात हातापायांची संवेदना जाते. चटका बसला, काटा रुतला तरी कळत नाही, तेव्हा ती जखम दुसऱ्या कुणीतरी बघावी लागते. ज्यांना घरानेच बाहेर काढलं, त्यांच्यासाठी ते बघणारं माणूस म्हणजे दुसरा रुग्णच.

काकू पुढे नऊ वर्षं जगली. वाशीमची बाई मात्र दीड वर्षातच गेली. निरोप कळला तेव्हा काकू एकटी एसटीने तेरवीला गेली. तिथे तिला ओळखणारं कुणी नव्हतं. "तुम्ही कोण?" असं विचारलं तेव्हा नातं काय सांगावं तिला कळेना. शेवटी म्हणाली, "आम्ही मुंबईले सोबत होतो." त्या घरच्यांनी तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

आता नागपुरात, अकोल्यातही कॅन्सरवर उपचार होतात. ही चांगलीच गोष्ट आहे, रात्रभराची गाडी वाचते. पण मोठ्या दवाखान्यांत रात्री एकदा चक्कर मारा. जिन्याखाली, औषधाच्या दुकानापुढे सतरंजी टाकून निजलेली माणसं दिसतील, प्रत्येकजण आपापल्या पिशवीला उसं करून एकटा. मशीन आली, डॉक्टर आले, धर्मशाळा मात्र बहुतेक ठिकाणी नकाशातच नसते. जे वऱ्हाडातल्या एका निरक्षर माणसाला सत्तर वर्षांपूर्वी सुचलं होतं, ते आपल्याला सुचायला हरकत नसावी. एक पडवी, चार नळ, एक चूल. बाकीचं माणसं आपलं आपण करतात.